विश्लेषण : नदीत गळ टाकूनही मासा का लागत नाही? दीडशे वर्षांपूर्वी कारणे सांगणारे फ्रान्सिस डे कोण होते?

उन्हाळा लागला की वैनगंगा आणि वर्धेच्या डोहांवर, चंद्रपूर-गडचिरोलीतील मामा तलावांच्या काठांवर गळ घेऊन बसलेली माणसे दिसू लागतात. दिवसभर बसूनही मासा लागला नाही, तर दोष आधी आमिषाला दिला जातो. मात्र नदीतील मासा कमी होण्याची खरी कारणे फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने १८७३ मध्येच सरकारपुढे मांडली होती. ती कोणती आणि आजही ती का लागू पडतात?

कोण होते फ्रान्सिस डे?

डे यांचा जन्म २ मार्च १८२९ रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १८५२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वैद्यकीय सेवेत दाखल झाले. दुसऱ्या ब्रह्मी युद्धातही त्यांनी काम केले. पुढे त्यांची नेमणूक कोचीनला झाली आणि तेथील किनाऱ्यावर त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. नोकरी डॉक्टरची, पण ध्यास माशांचा, अशी त्यांची पुढची वर्षे गेली.

किनाऱ्यावरून नदीकडे कसे वळले?

मलबारच्या उबदार समुद्रातील माशांवरचे त्यांचे पुस्तक १८६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच दशकात त्यांनी निलगिरीच्या थंड ओढ्यांत इंग्लंडमधील ट्राउट मासा आणण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. त्यानंतर त्यांच्याकडे ओडिशासह अनेक भागांतील गोड्या पाण्याच्या मासेमारीच्या पाहणीचे काम आले. १८७१ मध्ये ते भारतातील मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले. याच काळात पुण्याजवळ मिळालेल्या दोन लहान माशांचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १८७२ मध्ये केले. एव्हझार्ड या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ते दोन्ही मासे आजही ओळखले जातात.

वैयक्तिक आयुष्यात मात्र ही वर्षे कठीण होती. पहिल्या पत्नीचे १८६९ मध्ये निधन झाले. १८७२ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला, पण पुढच्याच वर्षी दुसरी पत्नीही गेली. त्याच वर्षी त्यांचा सर्वांत महत्त्वाचा अहवाल प्रसिद्ध झाला.

१८७३ च्या अहवालात काय होते?

भारत आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मासे व मासेमारी हा अहवालाचा विषय होता. त्यातील मुख्य मुद्दे साधे होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालण्यासाठी वर चढणारे मासे वाटेतच पकडले जातात. बारीक छिद्रांच्या जाळ्यांत आणि शेतातून पाणी वाहते तिथे लावलेल्या सापळ्यांत बोटभर पिल्लेही अडकतात. उन्हाळ्यात डोहात विष कालवले की मोठा मासा, पिल्लू, खाण्याचा आणि न खाण्याचा असे सगळेच मरतात. सिंचनासाठी नदीवर घातलेले बंधारे माशांची वाट अडवतात. समुद्रातून नदीत चढणाऱ्या हिल्साला याचा मोठा फटका बसतो.

यावर डे यांनी उपायही सुचवले. जाळ्याच्या छिद्राला किमान मर्यादा हवी, विषावर बंदी हवी आणि बंधाऱ्यात माशांसाठी वाट ठेवायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

मग आमिषाला महत्त्व नाही का?

महत्त्व आहे. १८७३ मध्येच हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक निघाले. ते गळ टाकणाऱ्यांसाठी होते. डे यांचा अहवाल मात्र मासा टिकावा म्हणून होता.

आमिष कोणते लावायचे हे माशाच्या स्वभावावर आणि पाण्यावर ठरते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅम. मरळ थेट हवेतूनही श्वास घेऊ शकते. त्यामुळे तापलेल्या, साचलेल्या पाण्यातही ती तग धरते. ती पृष्ठभागाजवळ येते आणि बेडकावर झडप घालते. हवेत श्वास घेणाऱ्या अशा माशांवर डे यांनीही लिहिले होते. महसीरला मात्र वाहते, प्राणवायूयुक्त पाणी लागते. कणकेच्या गोळ्यापासून पाण्यात पडलेल्या उंबरापर्यंत आणि लहान माशांपर्यंत तो बरेच काही खातो. पण नदीचा प्रवाहच तुटला तर कोणतेही आमिष कामाचे नाही.

ब्रिटिश म्युझियमशी वाद काय होता?

डे १८७७ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १८७५ ते १८७८ या काळात त्यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा सचित्र ग्रंथ भागाभागाने निघाला. माशांची ओळख आणि वर्गीकरण यावरून ब्रिटिश म्युझियममधील तज्ज्ञ अल्बर्ट गुंथर यांच्याशी त्यांचे जमले नाही. परिणामी १८८३ मध्ये त्यांच्या संग्रहातील मोठा भाग सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमला विकला गेला. त्यामुळे भारतीय नद्यांतील अनेक माशांचे मूळ नमुने आज ऑस्ट्रेलियात आहेत.

‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील माशांवरचे त्यांचे दोन खंड १८८९ मध्ये आले. त्यात १,४०० हून अधिक जातींची नोंद आहे. त्याच वर्षी १० जुलै रोजी चेल्टनहॅम येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

कायदा कधी झाला?

अहवालानंतर तब्बल २४ वर्षांनी. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरवले. दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात होती. जाळ्यांच्या आकाराबाबत नियम करण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाले. हा कायदा पाहायला डे हयात नव्हते.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी याचा अर्थ काय?

वर्धा आणि वैनगंगा चपराळा अभयारण्याजवळ मिळून प्राणहिता होते. ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे इथल्या माशांची वाट थेट गोदावरीशी जोडलेली आहे. वैनगंगेवर गोसीखुर्द आणि चिचडोह, तर संगमाच्या खाली गोदावरीवर मेडीगड्डा उभे आहे. दरवाजे बंद असतील तेव्हा खालचा मासा वर येऊ शकत नाही. डे यांनी उपस्थित केलेला वाटेचा प्रश्न इथे तसाच उभा राहतो.

एक बदल मात्र मोठा आहे. डे यांचा भर सरकारी बंदीवर होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यांतील मासे आणि इतर उपजांवर गावांचा सामूहिक हक्क मान्य केला आणि पाणवठे जपण्याची जबाबदारीही ग्रामसभांकडे दिली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. मृगाच्या पहिल्या पुरात अंड्यांवर आलेला मासा सोडायचा की नाही, डोहात विष टाकू द्यायचे की नाही, हे आता गावही ठरवू शकते. ढिवर आणि भोई कुटुंबांची पुढच्या वर्षीची कमाई त्याच निर्णयावर अवलंबून आहे. गळाला मासा लागेल की नाही, हेही त्यावरच ठरेल.