नेमबाज जिम कॉर्बेट

बंदूक चालविता येणे निराळे आणि नेमबाज होणे निराळे. चाप ओढण्यास बोटातील थोडेसे बळ पुरते. परंतु गोळी कोठे लागेल, सावज जागीच पडेल की जखमी होऊन निसटेल, आणि निसटले तर त्याचे परिणाम कोणास भोगावे लागतील, याचा हिशेब चाप ओढण्यापूर्वी मनात मांडणे ही फार कठीण विद्या आहे. हिमालयाच्या पायथ्याशी ही विद्या बालपणापासून आत्मसात करणाऱ्या आणि तिच्या बळावर सहस्रावधी खेडुतांना अभय देणाऱ्या एडवर्ड जेम्स ऊर्फ जिम कॉर्बेट यांचे चरित्र म्हणूनच केवळ शिकारीच्या रोमहर्षक हकीकतींसाठी वाचावयाचे नाही.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट हे तेथील पोस्टमास्तर होते. जिमला सहावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच ते निवर्तले आणि मोठ्या कुटुंबाचा भार माता मेरी व थोरला भाऊ टॉम यांच्यावर पडला. उन्हाळा नैनितालात आणि हिवाळा डोंगराखालील कालाढुंगी येथे, असा या कुटुंबाचा क्रम असे. कालाढुंगीच्या घरापासून अरण्य अगदी जवळ. पक्ष्यांचे आवाज ओळखणे, ओलसर वाळूत उमटलेले ठसे वाचणे, भेकराच्या भुंकण्यावरून वाघाची चाल ताडणे, हे सारे जिमला पाटी-पुस्तकाइतकेच लवकर अवगत झाले.

त्याच्या हाती शस्त्रेही पायरीपायरीने आली. प्रथम बेचकी, नंतर धनुष्यबाण व मातीच्या गोळ्या फेकणारी गलोल, आणि आठव्या वर्षाच्या सुमारास एक ठासणीची जोडनळी बंदूक. ही बंदूक कसली म्हणावी! उजवी नळी अधिक दारू ठासल्यामुळे पूर्वीच फुटलेली, आणि दस्ता व नळ्या पितळी तारेने एकमेकांस जखडलेल्या. परंतु हीच मोडकी बंदूक जिमची खरी शिक्षिका ठरली. एकच नळी कामाची. ती पुन्हा भरावयाची तर दारू ओतावी, गजाने ठासावी, वर छर्रे घालावे. तोवर पाखरू तेथे थोडेच बसून राहते? एक बार फुकट गेला की संधी गेली. त्यामुळे बार करण्याआधी जवळ कसे जावे, वाऱ्याची दिशा कशी पाहावी, किती वेळ निश्चल राहावे, हे त्या मुलास आपोआप शिकावे लागले. गावचा कुँवरसिंग नावाचा एक चोरटा शिकारी त्यास अरण्यातील वाटा व धोके समजावून देई.

दहाव्या वर्षी शाळेच्या कॅडेट तुकडीत असताना त्याच्या हाती पहिली रायफल आली. ती होती .४५० व्यासाची, एकबारी मार्टिनी. साधी बंदूक आणि रायफल यांतील भेद येथे ध्यानी घेतला पाहिजे. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तर रायफलीच्या नळीत नागमोडी वळत जाणारे आटे कोरलेले असतात. त्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि फिरत्या भोवऱ्याप्रमाणे आपला तोल सांभाळीत सरळ व दूरवर जाते. या रायफलीने जिमने आपला पहिला बिबट्या मारला. पहिल्या गोळीने तो जखमी होऊन दिसेनासा झाला होता. मुलगा घराकडे पळाला नाही, तर रक्ताच्या मागावर जाऊन त्याने त्याचा शेवट केला. जखमी जनावर मागे टाकून यावयाचे नाही, हा नियम त्याने तेव्हापासून पाळला.

परिस्थितीमुळे पुढील शिक्षण झाले नाही. ऐन तारुण्यात त्यांनी रेल्वेची नोकरी धरली आणि नंतर गंगेच्या काठी मोकामा घाट येथे मालाच्या चढउतारीचा ठेका घेऊन वीस वर्षांहून अधिक काळ तेथील मजुरांबरोबर कष्ट केले. शिकार हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता. रजा मिळाली म्हणजेच ते कुमाऊँच्या डोंगरांत परतत. अशाच एका रजेत, १९०७ साली, चंपावतच्या वाघिणीचे काम त्यांच्याकडे आले.

ही वाघीण नेपाळात सुमारे दोनशे माणसे मारून, तेथून हाकलली जाऊन कुमाऊँत उतरली होती. चार वर्षांत तिने तेथेही तितकाच संहार केला. एकंदर बळींची संख्या ४३६ मानली जाते. दिवसाउजेडी बायका गवत-लाकडास जात नाशा झाल्या, दारे बंद राहू लागली. कॉर्बेट यांनी सरकारपुढे दोन अटी ठेवल्या : वाघिणीवर लावलेली बक्षिसे रद्द करावीत आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. आपण पैशासाठी शिकार करतो असे कोणी म्हणू नये आणि आंधळ्या गोळीबारात कोणाचा जीव जाऊ नये, हा दोन्हींचा हेतू होता.

चंपावतच्या तहसीलदारांनी हाक्यासाठी २९८ माणसे जमविली. परवान्यावाचून ठेवलेल्या बंदुकांकडे आपण आज कानाडोळा करू, इतकेच नव्हे तर दारूगोळाही देऊ, असे त्यांनी जाहीर केल्यामुळे घराघरांतून लपविलेली जुनीपुराणी शस्त्रे बाहेर पडली. डोंगराच्या कड्यावर माणसे उभी राहिली. बार, आरोळ्या आणि गडगडत येणारे धोंडे यांच्या कल्लोळात वाघीण दरीतून निघाली. कॉर्बेट यांच्याजवळ अवघी तीन काडतुसे होती. पहिली गोळी चुकली, पुढील दोन लागल्या. तरीही वाघीण उभीच! ते धावत मागे गेले आणि तहसीलदारांच्या हातातील बंदूक घेऊन आले. जवळ येऊन पाहतात तो नळी व तिचा मागचा भाग यांच्यामध्ये चांगली फट पडलेली. बार काढला तर बंदूकच आपल्या तोंडावर फुटावयाची! पण आता थांबणे शक्य नव्हते. त्यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. त्या जीर्ण बंदुकीची गोळी जबड्यास न लागता पंजास लागली. परंतु आधीच्या जखमांनी वाघिणीचे बळ सरले होते आणि ती तेथेच कोसळली. कुमाऊँतील सर्वांत गाजलेल्या शिकारीतील अखेरचा नेम असा चुकला होता, आणि ही गोष्ट कॉर्बेट यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली.

परंतु या हकीकतीतील खरी विचार करावयास लावणारी गोष्ट यानंतरची आहे. वाघिणीचे तोंड तपासले तेव्हा उजव्या बाजूचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले; वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. हे काम होते एका जुन्या गोळीचे. कोण्या निनावी बंदूकधाऱ्याने कधी काळी अर्धवट नेम धरून चाप ओढला, वाघीण जखमी होऊन गेली, आणि तो आपल्या वाटेने घरी गेला. सुळे गमावलेल्या त्या जनावरास सांबर-हरणांची शिकार साधेना, म्हणून ते माणसांकडे वळले. एका बेफिकीर गोळीचे मोल ४३६ कुटुंबांनी दिले! सगळेच नरभक्षक अशा रीतीने होत नाहीत. मुक्तेश्वरच्या वाघिणीस साळिंदराच्या काट्यांनी पंगू केले होते. परंतु वाघ जात्याच क्रूर नसतो, बहुधा जखम अथवा वार्धक्यच त्यास माणसाकडे नेते, हे कॉर्बेट यांनी अनुभवाने जगापुढे मांडले.

नैनितालच्या दरबारात प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी तहसीलदारांस बंदूक बक्षीस दिली आणि कॉर्बेट यांस लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ व्यासाची रायफल. तिच्या दस्त्यावर चांदीची लहानशी पाटी बसविली होती. हलकी, सुटसुटीत आणि नेमास अचूक अशी ही रायफल त्यांची सोबतीण झाली.

चौगडच्या वाघिणीची कथा त्यांच्या विवेकाची दुसरी कसोटी होय. या वाघिणीबरोबर तिचे वाढलेले पिल्लू असे. १९२९ साली कॉर्बेट यांनी गोळी झाडली ती पिल्लास लागली. खरी नरभक्षक निसटली आणि पुढे वर्षभर माणसे मारीत राहिली. ही चूक त्यांनी झाकली नाही, तिचा दोष स्वतःकडे घेतला. अखेर ११ एप्रिल १९३० रोजी एका ओढ्याच्या पात्रातून जाताना त्यांना रातव्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांची अंडी जमविण्याचा छंद असल्यामुळे ती त्यांनी डाव्या हातात अलगद घेतली. मोठ्या शिळेला वळसा घालून पाहतात तो वाघीण अवघ्या काही फुटांवर दबा धरून बसलेली! अंडी हाती असल्यामुळे त्यांना झटका देऊन वळता आले नाही. एका हाताने हलकी रायफल सावकाश, अगदी सावकाश वळवीत त्यांनी नेम साधला. वाघीण त्या संथ हालचालीने बुजली नाही, आणि गोळी वर्मी लागली. तिचेही नखे-दात झिजलेले, मोडलेले होते. नंतर कॉर्बेट मागे गेले आणि अंडी होती तेथेच ठेवून आले. थोड्या वेळाने मादी पुन्हा त्यांवर येऊन बसली.

केदार-बद्रीच्या यात्रामार्गावर आठ वर्षे दहशत बसविणारा आणि १२५ माणसांचा बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्याही त्यांनीच १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभी, एका आंब्याच्या झाडावरून रात्रीच्या काळोखात टिपला.

असे असले तरी कॉर्बेट यांना दोषरहित देवमाणूस ठरविण्याचे कारण नाही. पवळगडचा प्रचंड वाघ नरभक्षक नव्हता. तरी १९३० साली केवळ त्याच्या आकारमानाच्या मोहाने त्यांनी तो मारला. व्हाइसरॉय व बडे अधिकारी यांच्या शिकारींची व्यवस्थाही ते करीत. ज्या काळात वाघाचे कातडे हीच पुरुषार्थाची खूण मानली जाई, त्याच काळाचे ते अपत्य होते. विशेष हा की, या काळाच्या मर्यादा त्यांना दिसू लागल्या. वनाधिकारी चँपियन यांनी घेतलेली वाघांची छायाचित्रे पाहून ते कॅमेऱ्याकडे वळले. छायाचित्रास बंदुकीहून अधिक जवळ जावे लागते, अधिक धीर धरावा लागतो. म्हणजे नेमबाजाचे सारे गुण कामास येतात आणि रक्ताचा थेंबही सांडत नाही. रामगंगेच्या खोऱ्यात १९३६ साली जे हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यासाठी झटणाऱ्यांत ते अग्रणी होते. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या ग्रंथाने त्यांची कीर्ती जगभर पोहोचविली.

१९४७ च्या अखेरीस भगिनी मॅगी यांच्यासह ते केनियात न्येरी येथे गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. दोनच वर्षांनी, १९५७ साली, स्वतंत्र भारताने त्या उद्यानास त्यांचे नाव दिले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाचा आरंभही त्याच अरण्यात झाला.

त्यांची रिग्बी रायफल त्यांच्या ग्रंथांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली, आणि २०१५ साली ती ज्या कंपनीने घडविली तिच्याच संग्रही परत आली. जुन्या रायफली जमविणारे शौकीन पोलादाची कारागिरी पाहतात, आट्यांची सफाई पाहतात, चांदीच्या पाटीवरील अक्षरे वाचतात. ते कौतुक योग्यच आहे. परंतु तशीच दुसरी रायफल कोणासही विकत घेता आली असती. तिच्यामागे उभा असलेला जो मनुष्य जखमी जनावराचा माग सोडीत नसे, चुकलेली गोळी स्वतःच्या नावे मांडीत असे आणि नरभक्षक मारून झाल्यावर पाखराची अंडी पुन्हा जागच्या जागी ठेवीत असे, त्याच्यामुळेच ती अमोल झाली. हाती सत्ता असो, लेखणी असो वा बंदूक असो. सुटलेल्या प्रत्येक गोळीचा जाब आपणास द्यावयाचा आहे, हे ज्याने ओळखले तोच खरा नेमबाज.