राल्फ बॅगनॉल्ड
राल्फ ॲल्जर बॅगनॉल्ड (३ एप्रिल, इ.स. १८९६ – २८ मे, इ.स. १९९०) हे ब्रिटिश लष्करी अभियंते व वाळवंटाचे अभ्यासक होते. वाऱ्याने होणाऱ्या वाळूच्या वहनाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया त्यांनी घातला.

पहिल्या महायुद्धातील सेवेनंतर त्यांनी केंब्रिज विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. इ.स. १९२६ मध्ये इजिप्तमध्ये नेमणूक झाल्यावर ते फोर्ड मोटारींतून वाळवंटात प्रवास करू लागले. वाळूच्या टेकड्यांच्या नियमित आकारांनी त्यांचे कुतूहल जागे केले.

इ.स. १९३५ मध्ये निवृत्त झाल्यावर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये त्यांनी वातविवर, म्हणजे कृत्रिम वाऱ्याचा बोगदा, उभारून प्रयोग केले. वाळूचे बहुतेक कण हवेत तरंगत नाहीत, तर जमिनीलगत उड्या घेत पुढे सरकतात. पडणारा कण इतर कणांना उडवतो. उडालेले कण जमिनीलगतच्या वाऱ्याचा वेग मंदावतात. अशा प्रकारे वारा व वाळू परस्परांवर परिणाम करतात. वाळूचे वहन वाऱ्याच्या घर्षण-वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे हा वेग दुप्पट झाल्यास वहन सुमारे आठपट होते, असे त्यांचे सूत्र सांगते. हे संशोधन इ.स. १९४१ मध्ये 'द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स' या ग्रंथातून प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या महायुद्धात, इ.स. १९४० मध्ये, त्यांनी वाळवंटात दूरवर टेहळणी करणारे लाँग रेंज डेझर्ट ग्रुप हे पथक उभारले. इ.स. १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मंगळावरील गेल विवरातील बॅगनॉल्ड टेकड्यांना त्यांचे नाव देण्यात आले असून क्युरिऑसिटी या यानाने त्यांचा अभ्यास केला आहे.