जेम्स जेमरसन

जेम्स ली जेमरसन (२९ जानेवारी १९३६ – २ ऑगस्ट १९८३) हे अमेरिकन बेस वादक होते. डेट्रॉइट येथील मोटाऊन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या 'फंक ब्रदर्स' या वाद्यवृंदाचे ते प्रमुख सदस्य होते. १९६० च्या दशकात आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी मोटाऊनने प्रकाशित केलेल्या बहुसंख्य लोकप्रिय गीतांमध्ये बेस गिटार त्यांनी वाजवली आहे. बिलबोर्डच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या वीसहून अधिक गीतांत त्यांचे वादन ऐकू येते. असे असूनही त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग अनामिकतेत गेला, कारण मोटाऊनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची प्रथा नव्हती. लोकप्रिय संगीतात बेस या वाद्याला केवळ आधार देणाऱ्या वाद्याच्या भूमिकेतून बाहेर काढून स्वतंत्र सुरावट देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

== प्रारंभिक जीवन ==

जेमरसन यांचा जन्म साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहराजवळच्या एडिस्टो बेटावर झाला. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांच्या वंशजांनी जपलेली गल्ला संस्कृती या किनारपट्टीवर आजही आढळते. आईवडील विभक्त झाल्यामुळे त्यांच्या संगोपनात इतर नातेवाइकांचाही वाटा होता. त्यांची आजी पियानो वाजवीत असे आणि आत्या चर्चमध्ये गात असे. चर्चमधील गॉस्पेल तसेच रेडिओवरील ब्लूज आणि जॅझ हे त्यांचे पहिले संगीतशिक्षण ठरले.

कामाच्या शोधात त्यांची आई उत्तरेकडे डेट्रॉइटला गेली होती. १९५४ मध्ये जेमरसन तिच्याकडे राहावयास गेले. दक्षिणेकडील राज्यांतून औद्योगिक शहरांकडे झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या स्थलांतराचाच हा एक भाग होता. डेट्रॉइटच्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांनी डबल बेस हे उभे धरून वाजवावयाचे वाद्य हाती घेतले. अल्पावधीतच ते शहरातील जॅझ आणि ब्लूजच्या क्लबांमध्ये वाजवू लागले. शाळा संपल्यानंतरही त्यांनी हाच व्यवसाय पुढे चालू ठेवला आणि स्थानिक ध्वनिमुद्रणांसाठी त्यांना बोलावणी येऊ लागली.

== मोटाऊनमधील कारकीर्द ==

बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाकडून घेतलेल्या ८०० डॉलरच्या कर्जावर टॅमला ही कंपनी सुरू केली. तीच पुढे मोटाऊन या नावाने प्रसिद्ध झाली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील २६४८ क्रमांकाच्या घरात कंपनीचे कार्यालय आणि ध्वनिमुद्रण कक्ष होता. या लहानशा कक्षाला वादक 'स्नेकपिट' म्हणत. जेमरसन यांनी १९५९ पासून येथे वाजवण्यास सुरुवात केली. प्रारंभी ते गायकांबरोबर दौऱ्यांवरही जात, परंतु १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचे काम मुख्यतः डेट्रॉइटमधील ध्वनिमुद्रणापुरते राहिले.

जो हंटर आणि त्यांच्यानंतर अर्ल व्हॅन डाइक यांच्या नेतृत्वाखालील या वाद्यवृंदात ड्रम वादक बेनी बेंजामिन, गिटार वादक रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस व जो मेसिना, तालवादक जॅक अ‍ॅशफर्ड व एडी ब्राउन यांचा समावेश होता. यांतील बहुतेक वादक जॅझमधून आले होते. दिवसा कंपनीत ध्वनिमुद्रण आणि रात्री क्लबमध्ये जॅझ असा अनेकांचा दिनक्रम असे. गीतकार, गायक आणि निर्माते बदलत, वादक मात्र तेच राहत. मोटाऊनच्या गीतांना लाभलेला एकसंध नाद मुख्यतः यामुळे निर्माण झाला.

जेमरसन यांचे वादन असलेल्या गीतांमध्ये द टेम्पटेशन्सचे 'माय गर्ल' (१९६४), द सुप्रीम्सचे 'यू कान्ट हरी लव्ह' (१९६६), द फोर टॉप्सची 'रीच आउट आय'ल बी देअर' (१९६६) व 'बर्नाडेट' (१९६७), मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचे 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' (१९६७) आणि स्टीव्ही वंडर यांची 'आय वॉज मेड टू लव्ह हर' (१९६७) व 'फॉर वन्स इन माय लाइफ' (१९६८) यांचा समावेश होतो. मोटाऊनबाहेरही त्यांनी काम केले. जॉन ली हुकर यांचे 'बूम बूम' आणि जॅकी विल्सन यांचे 'हायर अँड हायर' ही त्याची उदाहरणे होत.

== वादनशैली ==

१९५० च्या दशकातील लोकप्रिय गीतांत बेस वादकाचे काम मर्यादित असे. स्वरसंघाचा मूळ स्वर आणि त्याचा पंचम ठराविक मात्रांवर वाजवणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असे. आरंभीच्या काळात जेमरसन यांचे वादनही याच चौकटीत होते. 'माय गर्ल'च्या प्रारंभी एकटा ऐकू येणारा बेस मोजक्या स्वरांवर उभा आहे. त्यातील नेमकेपणा आणि रिकाम्या सोडलेल्या मात्रा यांमुळे ते गीत पहिल्या क्षणी ओळखता येते.

पुढील काही वर्षांत त्यांच्या शैलीत मोठा बदल झाला. त्यांनी मूळ स्वराभोवती लगतच्या अर्धस्वरांचा वापर सुरू केला. एका स्वरसंघाकडून दुसऱ्याकडे जाताना ते मधल्या स्वरांची साखळी बांधत. अपेक्षित मात्रेच्या किंचित आधी किंवा नंतर आघात करून ते लयीत ताण निर्माण करीत आणि पुन्हा मुख्य मात्रेवर येऊन तो सोडवीत. जॅझमधील तत्काळ रचनेची सवय त्यांना येथे उपयोगी पडली. अनेकदा त्यांच्यासमोर केवळ स्वरसंघांची नावे लिहिलेला कागद असे आणि बेसची सुरावट ते स्वतः रचत. आवश्यक तेव्हा स्वरलेखन वाचूनही ते वाजवीत.

'फॉर वन्स इन माय लाइफ' या गीतात त्यांची परिपक्व शैली स्पष्ट दिसते. येथे बेसची सुरावट गीताच्या कडव्यागणिक बदलत जाते आणि तिची पुनरावृत्ती क्वचितच होते. मात्र गायकाच्या ओळीला ती झाकत नाही. गायक थांबतो तेथे बेस पुढे येतो आणि गायन सुरू होताच मागे सरतो. हे भान त्यांच्या शैलीचे मर्म मानले जाते.

== वाद्य आणि तंत्र ==

किशोरवयात घेतलेला डबल बेस त्यांनी मोटाऊनच्या आरंभीच्या काही गीतांतही वापरला. मेरी वेल्स यांच्या 'माय गाय'मध्ये तो ऐकू येतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते विद्युत बेस गिटारकडे वळले. त्यांची सर्वांत प्रसिद्ध गिटार ही १९६२ ची फेंडर प्रिसिजन बेस होती. तिला 'फंक मशीन' असे नाव होते.

या वाद्यावर ते जाड, गुळगुळीत वेष्टनाच्या तारा लावीत आणि तार तुटल्याखेरीज ती सहसा बदलत नसत. तारा मानेपासून बऱ्याच उंच ठेवलेल्या असत, त्यामुळे हे वाद्य इतर वादकांना वाजवणे कठीण जाई. तारांखाली बसवलेल्या फोममुळे स्वर लांबत नसे. त्यामुळे त्यांच्या बेसचा आवाज गोल, दबका आणि डबल बेसला जवळचा असे. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने ते तारा छेडत. या बोटाला 'हुक' असे नाव पडले होते. एकाच बोटाने छेडल्यामुळे आघातांमध्ये सारखेपणा राही. मोकळ्या तारांचा मुबलक वापर ही डबल बेसवरून आलेली सवयही त्यांनी कायम ठेवली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांची गिटार बहुधा थेट ध्वनिमिश्रण यंत्राला जोडली जाई.

== वाद्यवृंदातील स्थान ==

फंक ब्रदर्समध्ये जेमरसन आणि बेनी बेंजामिन यांची जोडी केंद्रस्थानी होती. बेंजामिन यांच्या स्थिर ठेक्यामुळे जेमरसन यांना मात्रांशी खेळण्याची मोकळीक मिळे. तीन गिटार वादक, कळफलक वादक आणि तालवादक एकाच लहान कक्षात वाजवीत असल्याने प्रत्येकाला आपली जागा राखावी लागे. गिटार वादक बहुधा साधे आणि ठाशीव आघात देत, डफासारखी टॅम्बोरिन ठेका अधोरेखित करी, आणि या चौकटीत फिरण्याचे स्वातंत्र्य बेसकडे असे. १९६९ मध्ये बेंजामिन यांचे निधन झाले.

निर्मात्यांच्या दृष्टीने जेमरसन यांचे महत्त्व मोठे होते. १९६८ च्या सुमारास कंपनी त्यांना आठवड्याला एक हजार डॉलर मानधन देत असे. तथापि, त्यांनी रचलेल्या सुरावटींसाठी त्यांना गीतलेखनाचे श्रेय किंवा स्वामित्वधन मिळत नसे. नावे न छापल्यामुळे कोणत्या गीतात कोणी वाजवले याविषयी पुढे वादही निर्माण झाले.

मार्विन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१) हा मोटाऊनचा असा पहिला महत्त्वाचा संग्रह होता, ज्याच्या वेष्टनावर वादकांची नावे छापली गेली. त्यात जेमरसन यांचा गौरवपूर्ण उल्लेख आहे. शीर्षकगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी गे यांनी त्यांना एका क्लबमधून शोधून आणले आणि मद्याच्या अमलामुळे बसता येत नसल्याने त्यांनी जमिनीवर पाठ टेकून बेस वाजवला, अशी आख्यायिका सांगितली जाते. या संग्रहातील काही गीतांत बेस वादन बॉब बॅबिट यांचे आहे.

== लॉस एंजेलिस आणि उत्तरायुष्य ==

१९७२ मध्ये मोटाऊनने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. फंक ब्रदर्समधील अनेक वादक डेट्रॉइटमध्येच राहिले. जेमरसन लॉस एंजेलिसला गेले, परंतु १९७३ मध्ये त्यांचा मोटाऊनशी असलेला संबंध संपला. त्यानंतर त्यांनी स्वतंत्र वादक म्हणून काम केले. ह्यूज कॉर्पोरेशनचे 'रॉक द बोट' (१९७४) आणि द सिल्व्हर्सचे 'बूगी फीव्हर' ही त्यांच्या या काळातील यशस्वी गीते होत.

नव्या शहरात त्यांना जुना वाद्यवृंद लाभला नाही. संगीताची अभिरुचीही बदलत होती. तारेवर अंगठ्याने आघात करण्याचे तंत्र आणि नव्या, चमकदार आवाजाच्या तारा यांना मागणी आली होती. जेमरसन यांनी आपल्या जुन्या तारा आणि पद्धत सोडली नाही. दीर्घकाळच्या मद्यपानामुळे त्यांची प्रकृती आणि कामातील नियमितता दोन्ही खालावली. दशकाच्या अखेरीस त्यांना फारसे काम उरले नव्हते.

मार्च १९८३ मध्ये पॅसाडेना येथे मोटाऊनच्या २५ वर्षांच्या पूर्तीनिमित्त भव्य कार्यक्रम झाला. जेमरसन यांना त्याचे निमंत्रण नव्हते आणि तिकीट मिळवून त्यांनी तो वरच्या सज्जातून पाहिला, असे सांगितले जाते. त्याच वर्षी त्यांची 'फंक मशीन' चोरीस गेली. २ ऑगस्ट १९८३ रोजी यकृताच्या विकारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे लॉस एंजेलिस येथे वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डेट्रॉइट येथील वुडलॉन स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे पुत्र जेम्स जेमरसन ज्युनियर हेही बेस वादक होते.

== मरणोत्तर सन्मान आणि प्रभाव ==

जेमरसन यांचे नाव सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत त्यांच्या मृत्यूनंतर पोहोचले. १९८९ मध्ये अ‍ॅलन स्लट्स्की यांनी 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन' हे त्यांचे चरित्र 'डॉ. लिक्स' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. चरित्राबरोबरच त्यात जेमरसन यांच्या सुरावटींचे स्वरलेखनही आहे, त्यामुळे ते बेसच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासग्रंथ ठरले. याच नावाचा, पॉल जस्टमन दिग्दर्शित माहितीपट २००२ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यामुळे फंक ब्रदर्समधील हयात वादकही प्रकाशात आले.

२००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी नवा विभाग सुरू केला. त्यात पहिल्याच वर्षी निवडल्या गेलेल्या पाच वादकांत जेमरसन होते. २००४ मध्ये फंक ब्रदर्सना ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. २०२० मध्ये रोलिंग स्टोन नियतकालिकाने सर्वकालीन ५० श्रेष्ठ बेस वादकांच्या यादीत जेमरसन यांना पहिले स्थान दिले.

द बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी आपल्या बेस वादनावरील जेमरसन यांचा प्रभाव मान्य केला आहे. मोटाऊनच्या तबकड्या ऐकून शिकलेल्या अनेक वादकांना ते कोणाचे अनुकरण करीत आहेत हे त्या काळी ठाऊक नव्हते. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील ते घर आज मोटाऊन संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे आणि ध्वनिमुद्रणाचा मूळ कक्ष तेथे पाहता येतो.