विश्लेषण : आयर्लंडचे लोकगीत रॉकच्या मंचावर कसे आले? फिल लायनट आणि ‘थिन लिझी’ची कहाणी

‘व्हिस्की इन द जार’ हे गाणे आज जगभर मेटॅलिकाचे गाणे म्हणून ओळखले जाते. मेटॅलिकाने ते थिन लिझी या आयरिश बँडकडून उचलले होते आणि थिन लिझीने ते डब्लिनच्या पबमध्ये पिढ्यान् पिढ्या गायल्या जाणाऱ्या लोकगीतांतून. मधला दुवा होता फिल लायनट. आयरिश मातीतील सूर रॉकमध्ये आणणाऱ्यांपैकी सर्वाधिक लोकप्रिय ठरलेल्या या गायकाच्या आयरिशपणावर लहानपणापासून प्रश्नचिन्ह लावले जात होते, कारण त्याची त्वचा काळी होती.

फिल लायनट आयरिश कसा?

फिलचा जन्म २० ऑगस्ट १९४९ रोजी इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमिच येथे झाला. आई फिलोमिना डब्लिनची, कामाच्या शोधात इंग्लंडला आलेली. वडील सेसिल पॅरिस हे तेव्हाच्या ब्रिटिश गयानातील. दोघांचे लग्न झाले नव्हते. अविवाहित आई आणि तिच्या कडेवर काळे मूल, हे चित्र त्या काळच्या इंग्लंडला खपणारे नव्हते आणि कॅथलिक आयर्लंडला तर त्याहून नाही. हाल सोसूनही फिलोमिनाने मुलाला दत्तक देण्यास नकार दिला. तो लहान असतानाच तिने त्याला डब्लिनच्या क्रमलिन भागात आपल्या आईवडिलांकडे ठेवले आणि ती इंग्लंडमध्ये राबत राहिली. फिल आजी सारा हिच्या हाताखाली वाढला. पुढे एका गाण्याला आणि थोरल्या मुलीला त्याने हेच नाव दिले.

क्रमलिन ही कामगारवस्ती. शाळेत, गल्लीत काळा मुलगा बहुधा तो एकटाच. बोली मात्र अस्सल डब्लिनची आणि डोक्यात आयरिश वीरकथा. त्याला कोणी परका म्हटले तरी त्याला दुसरे गाव ठाऊकच नव्हते. पुढच्या सगळ्या गाण्यांत आयर्लंडचा इतिहास, दंतकथा, अनाथ मुले आणि भटके लोक पुन्हा पुन्हा येतात, त्याचे मूळ इथे शोधावे लागते.

‘थिन लिझी’ हे नाव कुठून आले?

साठच्या दशकात आयर्लंडमधील नाचाच्या हॉलवर ‘शोबँड’चे राज्य होते. झगमगीत कोट घालून ते ब्रिटिश-अमेरिकी लोकप्रिय गाण्यांच्या नकला करीत. दुसरीकडे १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘द डब्लिनर्स’ आणि ‘द चीफटन्स’ या मंडळींनी पारंपरिक संगीताला नवा मान मिळवून दिला होता. फिल या दोन्हींच्या मधल्या पिढीचा. तो आधी ‘ब्लॅक ईगल्स’मध्ये गायला, मग ‘स्किड रो’मध्ये. स्किड रोच्या ब्रश शील्सने त्याला बँडमधून काढले, पण वर बास गिटार वाजवायलाही शिकवले. ही भरपाई पुढे फार मोलाची ठरली.

१९६९ च्या अखेरीस फिल, शाळेपासूनचा सोबती असलेला ड्रमवादक ब्रायन डाउनी आणि बेलफास्टचा गिटारवादक एरिक बेल यांनी नवा बँड उभारला. ‘द डँडी’ या मुलांच्या कॉमिकमध्ये ‘टिन लिझी’ नावाची यंत्रमानव स्त्री होती. त्यात त्यांनी मुद्दाम एक ‘ह’ घुसवला. डब्लिनकर ‘थ’चा उच्चार ‘ट’ करतात, म्हणजे गावातले लोक नाव ‘टिन लिझी’ असेच वाचणार, हा विनोद. बाहेरच्याला तो कळत नाही आणि कळावा अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

नको असलेले गाणे गाजले कसे?

बँड लंडनला गेला. डेक्का कंपनीसाठी पहिले दोन अल्बम आले, फारसे कोणी विचारले नाही. १९७२ मध्ये एका तालमीत काम पुढे सरकेना, तेव्हा फिल गंमत म्हणून जुनी आयरिश गाणी म्हणू लागला. त्यात ‘व्हिस्की इन द जार’ होते. कॉर्क आणि केरीच्या डोंगरात लष्करी अधिकाऱ्याला लुटणारा दरोडेखोर आणि त्याला दगा देणारी त्याची प्रेयसी, अशी ही कथा. व्यवस्थापक टेड कॅरल यांनी ते ऐकले आणि तबकडीच्या मागच्या बाजूसाठी ध्वनिमुद्रित करावे, असे सुचवले. पुढची बाजू ठरली होती ‘ब्लॅक बॉइज ऑन द कॉर्नर’, फिलचे स्वतःचे, काळ्या तरुणांवरचे गाणे. कंपनीने बाजू उलटवल्या.

काळ्या आयरिश गायकाचे काळ्या मुलांवरचे गाणे मागे गेले आणि त्याच्याच तोंडचे आयरिश लोकगीत पुढे आले. बँड नाराज होता, आपण रॉक वाजवतो आणि लोक आपल्याला पबमधले गायक समजतील, ही त्यांची धास्ती. झाले उलटेच. १९७३ च्या सुरुवातीला गाणे आयर्लंडमध्ये पहिल्या आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर पोहोचले.

त्याचे श्रेय बरेचसे एरिक बेलला जाते. पबमध्ये हे गाणे बँजोच्या साथीने, टाळ्या पिटत, धावत्या ठेक्यात म्हटले जाई. बेलने चाल संथ केली आणि सुरुवातीला गिटारची एक हळवी धून बसवली. ती धून मूळ लोकगीतात कुठेच नाही, तरी ऐकणाऱ्याला ती शेकडो वर्षे जुनी वाटते. मेटॅलिकाने १९९८ मध्ये गाणे केले, तेव्हा त्यांनी बेलची ही धूनही सोबत घेतली. त्या आवृत्तीला २००० मध्ये ग्रॅमी मिळाले.

यशाचा हा झटका मात्र पुरला नाही. पुढची गाणी ब्रिटनमध्ये चालली नाहीत. १९७३ च्या वर्षअखेरीस बेलफास्टमधील कार्यक्रमात बेल मंचावरून निघून गेला तो बँडमध्ये परतलाच नाही.

या संगीतात ‘केल्टिक’ नेमके काय?

‘केल्टिक’ हा शब्द मुळात भाषाकुळाचा. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्समधील ब्रिटनी या प्रदेशांतील सगळे संगीत त्यात कोंबले जाते, ते मुख्यतः रेकॉर्ड विकणाऱ्यांच्या सोयीसाठी. त्या काळात डब्लिनच्याच ‘हॉर्स्लिप्स’ने पारंपरिक धुना थेट विद्युत गिटारवर घेतल्या. १९७३ चे त्यांचे ‘डिअर्ग डूम’ एका जुन्या आयरिश कूचगीतावर उभे आहे. त्यांच्याकडे फिडल, बासरी, पाइप सगळे होते.

फिलने तो मार्ग धरला नाही. थिन लिझीत ना फिडल, ना पाइप. १९७४ मध्ये अमेरिकी स्कॉट गोरहॅम आणि स्कॉटिश ब्रायन रॉबर्टसन हे दोन गिटारवादक आले आणि दोघांनी मिळून एकच धून दोन वेगळ्या स्वरांतून वाजवण्याची पद्धत बसवली. आयरिश मैफलीत वादक बहुधा एकच सूर एकत्र वाजवतात, त्यामुळे हे तंत्र काही परंपरेचे नाही. ‘विशबोन अॅश’ या इंग्रजी बँडने ते आधीच वापरले होते. पण फिलच्या चाली, त्याचे कथा सांगण्याचे वळण आणि डाउनीचा उसळता ठेका यांच्याशी जुळल्यावर त्या जोडगिटारी आयरिश वाटू लागल्या. १९७६ च्या ‘जेलब्रेक’ अल्बमने जगाला ‘द बॉइज आर बॅक इन टाउन’ दिले, ते ब्रिटनमध्ये आठव्या आणि अमेरिकेत बाराव्या स्थानी गेले. त्याच अल्बमच्या शेवटी असलेले ‘एमरल्ड’ हे टोळ्यांच्या लढाईचे गाणे मात्र या शैलीचा खरा नमुना. त्यात दोन गिटारी एकमेकींवर तलवारीसारख्या चालून जातात.

अल्बमची मुखपृष्ठे डब्लिनचा चित्रकार जिम फिट्झपॅट्रिक काढत असे. चे गव्हेराचे लाल-काळे प्रसिद्ध चित्र त्याचेच. जुन्या आयरिश हस्तलिखितांतील गुंफलेली नक्षी त्याने रॉकच्या तबकड्यांवर आणली.

‘ब्लॅक रोझ’ महत्त्वाचे का?

‘रोशीन डव’ म्हणजे काळा गुलाब, हे आयर्लंडचे जुने रूपक. देशाचे नाव न घेता प्रेयसीला उद्देशून गायलेले देशगीत. १९७९ मध्ये फिल आणि बेलफास्टचा गॅरी मूर यांनी त्यावर सुमारे सात मिनिटांचे गाणे रचले. मध्येच मूरची गिटार ‘डॅनी बॉय’ आणि ‘द मेसन्स एप्रन’ या धुनांवर जाते, त्यातली दुसरी मूळची फिडलवर वाजणारी नाचाची धून. शेवटी फिल जॉइस, येट्स, वाइल्ड, सिंग यांच्या नावांवर शाब्दिक कोट्या करतो आणि त्याच पंगतीत फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट व गायक व्हॅन मॉरिसन यांनाही बसवतो. काळा गुलाब या शब्दांत क्रमलिनच्या मुलाला आणखी एक अर्थ दिसला असणार, हे सांगायला नको.

‘ब्लॅक रोझ’ अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्याचे काही काम पॅरिसमध्ये झाले आणि तिथेच फिल व गोरहॅम हेरॉइनमध्ये अधिक खोल अडकले. व्यसन सोडायला हवे, अशा आशयाचे एक गाणे याच अल्बमवर आहे. ते लिहिणाऱ्याला ते जमले नाही. मूर अमेरिकेच्या दौऱ्यात अर्ध्यावर बँड सोडून गेला.

अखेरची वर्षे कशी गेली?

१४ फेब्रुवारी १९८० रोजी फिलने दूरचित्रवाणी कलाकार लेस्ली क्राउदर यांची मुलगी कॅरोलाइन हिच्याशी लग्न केले. दोन मुली झाल्या, संसार टिकला नाही. १९८३ मध्ये थिन लिझी संपला. ‘ग्रँड स्लॅम’ या नव्या बँडला कोणी कंपनी करार देईना. जुलै १९८५ मध्ये ‘लाइव्ह एड’चा भव्य कार्यक्रम झाला. तो उभारणारे डब्लिनचा बॉब गेल्डॉफ आणि एकेकाळी थिन लिझीत वाजवलेला मिज युर हे दोघे फिलचे मित्र, पण मंचावर फिल नव्हता.

त्याच वर्षी मूरबरोबरचे ‘आउट इन द फील्ड्स’ ब्रिटनमध्ये पाचव्या स्थानी पोहोचले. उत्तर आयर्लंडमधील हिंसाचारावरचे हे गाणे बेलफास्टचा एक आणि डब्लिनचा एक असे दोघे मिळून गात होते. फिलचे ते शेवटचे मोठे यश. नाताळच्या दिवशी तो घरी कोसळला. ४ जानेवारी १९८६ रोजी सॉल्झबरीच्या रुग्णालयात रक्तातील संसर्ग, न्यूमोनिया आणि हृदय बंद पडल्याने त्याचा मृत्यू झाला. वय ३६.

तोवर ‘द पोग्स’ ही लंडनमधील तरुणांची मंडळी अकॉर्डियन आणि टिन व्हिसल घेऊन पंकच्या वेगात तीच जुनी गाणी वाजवू लागली होती. आयरिश सूर लपवण्याची गरज आता कोणालाच वाटत नव्हती.

ऑगस्ट २००५ मध्ये डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटजवळ, हॅरी स्ट्रीटवर फिलचा पूर्णाकृती पुतळा बसवला गेला. त्याची कबर शहराबाहेर सटन येथील सेंट फिंटन्स दफनभूमीत आहे. तिच्यावरील शिळेची रचना फिट्झपॅट्रिकची, प्रार्थना आयरिश भाषेत आणि तिच्याखाली दोनच शब्द, रोशीन डव.