अब्बासुद्दीन अहमद : नावाड्यांचं गाणं स्वतःच्या नावानं गाणारा गायक

'सुजाता' आणि 'बंदिनी' या सिनेमांत सचिनदेव बर्मन यांनी स्वतः गायलेली नदीकाठची गाणी आपल्या घरातल्या मोठ्यांना पाठ असतात. लांबच लांब ओढलेला सूर, जणू पैलतीरावर कुणाला तरी हाक मारतोय. 'गाइड' (1965) मध्ये अल्लाहकडे पाऊस मागणारं गाणंही त्यांनीच गायलंय. हे सूर मुंबईच्या स्टुडिओत जन्मलेले नाहीत. बर्मनदा मूळचे कोमिल्ल्याचे, तिथल्या नद्यांवर त्यांनी ते लहानपणापासून ऐकले होते. पण पावसाचं ते मागणं 'गाइड'च्या कितीतरी आधी बंगालमध्ये लोकांना ठाऊक होतं आणि ते घराघरांत नेणारा गळा होता अब्बासुद्दीन अहमद यांचा. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून ही ओळख.

अब्बासुद्दीन यांचा जन्म 27 ऑक्टोबर 1901 चा. गाव बलरामपूर, तेव्हाच्या कूचबिहार संस्थानातलं. वडील जफर अली अहमद तुफानगंजच्या कोर्टात वकील होते. म्हणजे घर शिकलेलं, खाऊनपिऊन सुखी. मुलानंही शिकून चांगली नोकरी करावी अशी अपेक्षा असणारच. मुलगा शिकला, पण त्याचे कान शेताकडे होते. भात लावणारे शेतकरी, बैलगाडी हाकणारे गाडीवान आणि म्हशी राखायला महिनोन्महिने घराबाहेर राहणारे गुराखी जे गायचे, ते ऐकून ऐकून त्यानं गळ्यात उतरवलं. सुरुवातीला उस्ताद वगैरे कुणी नव्हताच. पुढं कोलकात्यात उस्ताद जमीरुद्दीन खान यांच्याकडे काही काळ तालीम झाली, पण पाया पक्का झाला तो गावात.

ही गाणी कशी असतात, ते थोडं सांगायला हवं. कूचबिहार आणि रंगपूरच्या भागातल्या गाण्याला भवाइया म्हणतात. साथीला दोतारा. गाताना सूर वर चढतो आणि मध्येच तुटल्यासारखा होतो, पुन्हा सांधला जातो. लोक सांगतात की खाचखळग्यांच्या वाटेवर गाडीला हिसके बसले की गाडीवानाचा आवाज असाच तुटायचा, तेच पुढं गाण्याचं वळण झालं. गंमत म्हणजे गाणारा पुरुष असला, तरी बोल बहुतेक वेळा बाईचे असतात. दूर गेलेल्या गाडीवानाची किंवा म्हशीवाल्याची वाट पाहणाऱ्या बाईचे.

दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे, मोठ्या नद्यांच्या प्रदेशात, भटियाली. भाटा म्हणजे ओहोटी. पाणी उतरायला लागलं की होडी आपोआप प्रवाहाबरोबर जाते, वल्ही मारावी लागत नाहीत. नावाडी एकटा, हात मोकळे, चारी बाजूंना पाणी. म्हणून भटियालीला ठेका जवळजवळ नसतोच, सूर हवा तितका लांबवता येतो. उलट खूप जणांनी मिळून होडी वल्हवायची असेल तर सारी गान. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि त्या तालावर सगळी वल्ही एकदम पाण्यात. विलायती जहाजांवरचे खलाशी दोर ओढताना गायचे ती गाणी याच जातीची. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीला जात्याच्या फेऱ्याची लय असते, तसंच. काम बदललं की गाणं बदलतं. आमच्या शाळेच्या संगीताच्या पुस्तकात हे सोडून बाकी सगळं असतं, असो.

अब्बासुद्दीन कोलकात्यात आले. 1931 पासून फाळणीपर्यंत मुक्काम तिथेच. पोटासाठी सरकारी नोकरी, आधी शिक्षण खात्याच्या कचेरीत, मग पाटबंधारे खात्यात. आणि उरलेला वेळ ग्रामोफोन कंपनीत. पहिल्या रेकॉर्डवर साधी आधुनिक बंगाली गाणी होती.

त्या काळात मुसलमान गायकापुढं दोन भिंती होत्या. एक घरातली. गाणं म्हणजे गुनाह, असं मानणारी घरं खूप होती, त्यामुळे मुस्लिम वस्तीत रेकॉर्ड विकत घेणार कोण? दुसरी भिंत बाजाराची. रेकॉर्डवर मुसलमान नाव चालणार नाही, अशी भीती. मुन्शी मोहम्मद कासिम हे के. मल्लिक या नावानं गायचे. इतकंच काय, आपले लाडके तलत महमूद बंगालीत तपनकुमार होते! अब्बासुद्दीन यांनी मात्र रेकॉर्डवर अब्बासुद्दीन हेच नाव ठेवलं. मला त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वात मोठं वाटतं. पुढं तर उलटं वारं वाहिलं. इस्लामी गाणी खपायला लागली, तेव्हा धीरेन दास यांच्यासारखे हिंदू गायक गनी मियाँ या नावानं ती गाऊ लागले.

हे वारं फिरलं कसं, ते अब्बासुद्दीन यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय. उर्दू कव्वाल्यांच्या रेकॉर्ड चांगल्या खपत होत्या. मग बंगालीत अशी गाणी का नकोत, असं त्यांनी कवी काझी नझरुल इस्लाम यांना विचारलं. नझरुल तयार झाले, पण परवानगी हवी होती एचएमव्हीच्या भगवती भट्टाचार्य यांची. त्यांनी साफ नाही म्हटलं. अशी रेकॉर्ड कोण घेणार, हा त्यांचा हिशेब. अब्बासुद्दीन गप्प बसले, पण विषय सोडला नाही. काही महिन्यांनी साहेबांची खुशमिजाजी बघून पुन्हा अर्ज केला आणि होकार मिळवला. नझरुल यांनी चहा-पान मागवलं, खोलीचं दार लावलं आणि अर्ध्या तासाच्या आसपास गाणं लिहून चालही बांधली. रमजानच्या रोजांनंतर येणाऱ्या ईदच्या खुशीचं गाणं. 1932 च्या ईदच्या आधी रेकॉर्ड बाजारात आली. अब्बासुद्दीन ईदला गावी गेले होते. परतले तर कोलकात्याच्या ट्राममध्ये शेजारी बसलेला तरुण तेच गुणगुणत होता. ज्या घरांत बाजा वर्ज्य होता, तिथं ग्रामोफोन आला तो असा, हम्द आणि नातच्या बोटाला धरून.

मग त्या दारातून त्यांनी गाडीवान आणि नावाडीही आत आणले. भवाइयाची बोली कोलकात्याच्या सुशिक्षितांना गावंढळ वाटायची. अब्बासुद्दीन यांनी ती गाणी त्याच बोलीत रेकॉर्ड केली. धाकटे भाऊ अब्दुल करीम यांनी त्यांच्यासाठी भवाइया लिहिल्या. कवी जसीमुद्दीन गावोगाव फिरून लोकगीतं गोळा करत, त्यांच्याकडून भटियाली मिळाल्या. दोताऱ्यावर कानाईलाल शील. खुद्द नझरुल यांनी भवाइयाच्या चालींवर नवे बोल बसवले. जुनं गाणं जसंच्या तसंही आलं आणि नवे कपडे घालूनही आलं. अब्बासुद्दीन यांना दोन्ही चालत होतं. मात्र लोकगीत शुद्ध राहिलं पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांना ते पटणारं नव्हतं, आणि ग्रामोफोनच्या तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे रात्रभर चालणाऱ्या गाण्याला कात्री लागणारच. तेवढं नुकसान झालं, हे मान्य करायला हवं.

राजकारणातही त्यांचा आवाज होता. फजलुल हक यांच्या काळात ते सरकारचे रेकॉर्डिंग तज्ज्ञ होते, मुस्लिम लीगच्या सभांतही गायले. 1947 मध्ये ते ढाक्याला गेले आणि तिथल्या माहिती खात्यात नोकरीला लागले. पण त्यांचं बलरामपूर अलीकडेच राहिलं. कूचबिहार 1950 मध्ये पश्चिम बंगालमध्ये सामील झालं, रंगपूर पाकिस्तानात. ज्या मातीत एकच भवाइया गायली जायची, तिच्या मधून सरहद्द गेली. पुढच्या काळात अब्बासुद्दीन यांनी पाकिस्तानचे प्रतिनिधी म्हणून 1955 मध्ये मनिला आणि 1956 मध्ये जर्मनीच्या संगीत परिषदा गाठल्या. तिथं गायले काय? तर सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचं आणि नावाड्यांचं गाणं.

30 डिसेंबर 1959 ला ढाक्यात त्यांचं निधन झालं. 'सुजाता' त्याच वर्षीचा. आत्मचरित्र पुढच्या वर्षी छापून आलं. मुलगा मुस्तफा जमान अब्बासी यांनी आयुष्यभर लोकगीतं जमवली आणि त्यांच्यावर लिहिलं. मुलगी फिरदौसी रहमान नामवंत गायिका झाली. थोरला मुलगा मुस्तफा कमाल बांगलादेशचा सरन्यायाधीश झाला. आणि बांगलादेशात ईदचा चाँद दिसला की टीव्हीवर, रेडिओवर, मोबाईलवर नझरुल यांचं तेच गाणं सुरू होतं, कधी जुन्या चालीत, कधी गिटार-ड्रमसह.

मुलांना ऐकवायचं असेल तर आधी 'गाइड'मधलं पावसाचं गाणं लावा, मग अब्बासुद्दीन यांची जुनी, खरखरणारी रेकॉर्ड. भाषा कळली नाही तरी मागणं कळतं. पाऊस लांबला की आपल्याकडे इस्तिस्काची नमाज होते, गावात धोंडी निघते, तेच मागणं.