कुमाऊंचे जिम कॉर्बेट

मनुष्याच्या बेपर्वाईबद्दल निसर्ग सूड उगवितो, अशा कथानकांचे भयपट विद्यार्थिवर्ग आवडीने पाहतो. असाच एक बोलपट १९४८ साली अमेरिकेतील युनिव्हर्सल कंपनीने काढला. त्यात शिकारीस आलेला एक डॉक्टर वाघास जखमी करतो आणि त्याचा माग न काढता निघून जातो. तो वाघ पुढे नरभक्षक बनतो. बोलपटाचे नाव ‘मॅन-ईटर ऑफ कुमाऊं’. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हा मूळ ग्रंथ १९४४ साली मुंबईस ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला होता. बोलपटातील कथा ग्रंथात नव्हती. परंतु जखमी वाघाची गोष्ट ग्रंथकर्ते जिम कॉर्बेट यांनी प्रत्यक्ष अनुभविली होती.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. ते वारले तेव्हा जिम सहा वर्षांचाही नव्हता. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीस राहत असे, आणि पाखरांचे आवाज व श्वापदांची पावले ओळखण्याची विद्या मुलाने तेथील रानातच संपादन केली. पुढे गंगेकाठच्या मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करण्याचा मक्ता घेऊन त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काढला. पहिल्या महायुद्धात कुमाऊंच्या पाचशे लोकांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले. लग्न त्यांनी केले नाही. बहीण मॅगी हीच त्यांची आयुष्यभराची सोबती.

चंपावतची वाघीण त्यांनी १९०७ साली मारली. नेपाळात सुमारे दोनशे बळी घेऊन ती कुमाऊंत आली होती, आणि अखेरीस एकूण संख्या ४३६ वर गेली. कॉर्बेट पाली नावाच्या खेड्यात पोहोचले तेव्हा गावकरी दारे लावून घरांत बसले होते. आपल्या शिरड शहापूरकडे रानडुकरांच्या भयाने मळ्यावर जागल करणाऱ्यास रात्रीची धास्ती ठाऊक आहे. परंतु भर दिवसा पाण्यास जाण्याचीही सोय नसावी, ही अवस्था निराळीच! चंपावतच्या तहसीलदारांनी गावोगावचे सुमारे तीनशे लोक हाकाऱ्यास जमविले. कॉर्बेट यांच्याजवळ तीनच काडतुसे होती; ती संपल्यावर त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक घेतली आणि त्या बंदुकीने काम पुरे केले.

मेलेल्या वाघिणीचे तोंड उघडून पाहिले असता उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. वरचा अर्धा तुटला होता, खालचा तर पार हाडापर्यंत. कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीचे ते काम होते. नेहमीची शिकार धरणे त्या वाघिणीस अशक्य झाले होते. माझ्या मते येथे सूड हा शब्दच लागू पडत नाही. गोळी झाडणारा कोण, हे कोणास कळले नाही. प्राण गेले ते रानात पाला व सरपण आणावयास गेलेल्या गरीब बायकांचे.

प्रत्येक नरभक्षकाचे कारण कॉर्बेट असेच शोधून पाहत. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झुंजताना गेला होता, आणि तिच्या पायात सुमारे पन्नास काटे रुतलेले होते. रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षांत सव्वाशे माणसे मारली. तो १९२६ साली पडला. त्याचे मूळ कॉर्बेट यांनी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत दाखविले. मृतांची संख्या इतकी वाढली की लोक प्रेताच्या तोंडात निखारा ठेवून ते दरीत लोटून देत, आणि तेथे बिबट्यास मनुष्यमांसाची चटक लागली. यात बेपर्वाई किती व लाचारी किती, हे वाचकांनीच पाहावे.

पुढे त्यांचे मन बंदुकीपेक्षा चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याकडे अधिक वळले. कॅमेऱ्याची घरघर वाघाच्या कानी जाऊ नये म्हणून त्यांनी रानातील ओढ्यास लहान लहान बांध घातले व पाण्याचा खळखळाट उत्पन्न केला. या युक्तीने त्यांनी सात वाघांची चित्रे घेतली. त्या वाघांनी कोणावर झडप घातली नाही. १९३६ साली हेली नॅशनल पार्क हे हिंदुस्थानातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

१९४७ साली बहिणीसह ते आफ्रिकेत केनियास गेले. आरंभी सांगितलेला बोलपट त्यानंतरचा. त्यात सर्वांत चांगले काम वाघाने केले, असा अभिप्राय त्यांनी दिल्याचे सांगतात. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे देहावसान झाले. १९५७ साली त्या उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ तेथूनच झाला, आणि पहिल्या नऊ व्याघ्रक्षेत्रांत आपले मेळघाटही होते.