विश्लेषण : औषधाचे नाव सांगितले तर गुण जातो का? डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कुष्ठरोगावरील औषधाची कहाणी

धडगाव : झाडपाल्याचे औषध देणारी जाणकार माणसे सातपुड्यापासून कोकणापर्यंत गावोगावी आहेत. मुळी कोणती, पाला कोणत्या झाडाचा, हे मात्र त्यांतले बरेच जण सांगत नाहीत. नाव फोडले की औषधाचा गुण जातो, अशी जुनी समजूत आहे. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका नामवंत, इंग्रजी शिकलेल्या डॉक्टरनेही आपल्या औषधाचे नाव असेच राखून ठेवले होते. ते डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी लाड. मुंबईत राणीच्या बागेलगतच्या संग्रहालयाला त्यांचे नाव आहे. त्यांनी आयुर्वेदातील औषधे आधुनिक डॉक्टरच्या नजरेने तपासली, हे मात्र अनेकांना माहीत नसते.

भाऊ दाजी कोण होते?

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२० च्या दशकात गोव्यातील पेडणे भागात मांद्रे येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील मुलांना घेऊन मुंबईला आले. रामकृष्ण लहानपणापासून बुद्धिबळात तरबेज होता. त्याची हुशारी पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शाळेत घालण्याचा आग्रह वडिलांकडे धरला, असे सांगतात. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झाले आणि तिथेच ते शिकवूही लागले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि भाऊ दाजींनी नोकरी सोडून तिथे प्रवेश घेतला. १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत ते होते. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

डॉक्टरी सांभाळून भाऊ दाजींनी जुनी नाणी जमवली, अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचा अभ्यास केला, मुलींच्या शाळांना बळ दिले. १८६२ च्या गाजलेल्या महाराज बदनामी खटल्यात एका प्रतिष्ठित धर्मगुरूच्या आजाराबद्दल साक्ष द्यायला ते न्यायालयात उभे राहिले. त्या काळी असे बोलणे म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणे होते. १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले.

इंग्रजी डॉक्टर आयुर्वेदाकडे का वळला?

मेडिकल कॉलेजात शवविच्छेदन, रसायनशास्त्र, शस्त्रक्रिया असे सारे युरोपीय पद्धतीने शिकवले जाई. तिथून बाहेर पडलेल्या नव्या डॉक्टरांपैकी अनेकांना वैद्यांची विद्या कालबाह्य वाटे. उलट बाजूला, ग्रंथात लिहिले म्हणजे ते खरेच, असे मानणारेही पुष्कळ होते.

भाऊ दाजींना संस्कृत येत होते. जुन्या ग्रंथांविषयी त्यांना आदर होता, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ग्रंथांत ज्या वनस्पतींचे मोठे गुण सांगितले आहेत, त्या प्रत्यक्ष रोग्यांना देऊन काय घडते ते पाहायचे, हा मार्ग त्यांनी धरला. त्यातला सर्वात मोठा प्रयत्न होता कुष्ठरोगाचा. या रोगावर तेव्हा जगात कुठेही खात्रीचा इलाज नव्हता. रोगी घरातून आणि गावातून बाहेर काढले जात.

आयुर्वेद आरोग्याकडे कसा पाहतो?

भाऊ दाजींचा प्रयोग समजण्यासाठी आयुर्वेदाची चौकट थोडी माहीत हवी. चरकसंहिता, सुश्रुतसंहिता आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय हे त्याचे तीन प्रमुख ग्रंथ. वात, पित्त आणि कफ हे तीन दोष शरीराचा कारभार चालवतात, असे आयुर्वेद मानतो. ते प्रमाणात असले, जठराग्नी म्हणजे पचनशक्ती नीट असली, मलमूत्राची क्रिया सुरळीत असली आणि मन व इंद्रिये प्रसन्न असली, तर माणूस स्वस्थ. सुश्रुताने केलेल्या स्वास्थ्याच्या व्याख्येचा हा सारांश आहे.

म्हणूनच या ग्रंथांत औषधांआधी रोजच्या वागण्याचा विचार येतो. उठणे, दात घासणे, अंगाला तेल लावणे, व्यायाम, जेवण, झोप यांची दिनचर्या सांगितली आहे. ऋतू बदलला की आहारविहार कसा बदलावा, यासाठी ऋतुचर्या आहे. भूक, तहान, झोप, मलमूत्र यांचे वेग अडवू नयेत, असेही सांगितले आहे. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, त्यामुळे एकाला मानवणारे दुसऱ्याला मानवेलच असे नाही, हेही त्यात आले.

कुष्ठ या शब्दाचा अर्थ मात्र ग्रंथांत फार व्यापक आहे. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे असे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत आज आपण वेगवेगळे मानतो असे अनेक त्वचारोग येतात. आजचा कुष्ठरोग म्हणजे एका विशिष्ट जंतूमुळे होणारा, मज्जातंतूंना इजा करणारा आजार. कुष्ठावर गुणकारी म्हणून ग्रंथात दिलेले औषध नेमक्या कोणत्या आजारावर लागू पडते, हे म्हणूनच रोग्यावर तपासूनच कळणार होते.

ते औषध कोणते होते?

सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या झाडाचे वर्णन आहे. हे झाड पश्चिम समुद्राच्या किनाऱ्याला वाढते, त्याची पिकलेली फळे पावसाळ्याच्या तोंडावर गोळा करावीत आणि बियांचे तेल काढून कुष्ठाच्या रोग्याला द्यावे, असे तिथे सांगितले आहे. अभ्यासक तुवरक म्हणजे कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या दमट जंगलातले कडू कवठ असे मानतात. त्यालाच काही ठिकाणी कवटी म्हणतात. नाव कवठ असले तरी ते आपल्या खाण्याच्या कवठाहून अगदी वेगळे झाड आहे. भाऊ दाजींचा जन्म ज्या किनारपट्टीवर झाला, तिथलेच हे झाड.

भाऊ दाजी हे तेल रोग्यांना पोटातून देत आणि वरूनही लावत. काही रोग्यांना फरक पडल्याचे दिसले आणि मुंबईत त्यांच्या उपचाराचा बोलबाला झाला. त्याच सुमारास पूर्व भारतातल्या चालमुग्रा या त्याच जातकुळीतल्या झाडाच्या तेलाकडेही डॉक्टरांचे लक्ष गेले होते. फ्रेडरिक मुआट या इंग्रज डॉक्टरांनी १८५४ मध्ये कलकत्त्यात त्याविषयी लेख प्रसिद्ध केला होता.

नाव न सांगितल्याने काय बिघडले?

इथे दोघांच्या पद्धतीतला फरक दिसतो. मुआट यांनी औषधाचे नाव छापले, त्यामुळे इतर डॉक्टरांना तेच तेल वापरून पाहता आले. भाऊ दाजींनी आपले औषध हयातीत जाहीर केले नाही. यावर त्या काळच्या डॉक्टर मंडळींत टीका झाली. ज्या विद्येत ते शिकले होते, तिचा नियमच असा की औषध कोणते, मात्रा किती, रोगी किती, बरे किती आणि न झालेले किती, हे सारे इतरांसमोर ठेवायचे.

मे १८७४ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, भाऊ दाजी गेले. ते औषध कडू कवठाचे तेल होते, ही नोंद वैद्यकीय ग्रंथांत पुढे आली. पण रोग्यांवर काय परिणाम झाला याची, इतरांना पडताळता येईल अशी पूर्ण मांडणी त्यांच्या हातून झाली नाही. न्यायालयात निर्भयपणे सत्य सांगणाऱ्या माणसाचे सर्वात मोलाचे काम असे अर्धे राहिले.

पुढे जगात काय घडले?

भाऊ दाजींच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेतील गेऱ्हार्ड हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला. रोग शाप किंवा पापाचे फळ नसून जंतूमुळे होतो, हे त्यातून पुढे आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चालमुग्रा आणि कडू कवठाच्या तेलांतील घटक वेगळे करण्यात आले. हवाईतील तरुण रसायनशास्त्रज्ञ ॲलिस बॉल यांनी १९१५-१६ च्या सुमारास या तेलाला टोचता येईल असे रूप दिले. पुढची दोन-अडीच दशके कुष्ठरोगावर जगभर हीच तेले वापरली गेली.

त्यांची मर्यादाही लवकरच दिसली. पोटातून घेतली तर मळमळ होई, सुई दुखे आणि गुण सर्वांना सारखा येत नसे. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली आणि तेल मागे पडले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचवला. आज सरकारी दवाखान्यांत तोच मोफत मिळतो. प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत तो पूर्ण होतो आणि रोगी बरा होतो.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवणे हाच योग्य मार्ग. उशीर झाला तर हातापायांना व्यंग येऊ शकते. अशा वेळी केवळ तेलावर किंवा मोबाइलवर आलेल्या नुस्ख्यावर विसंबू नये.

सातपुड्याला यातून काय घेता येईल?

कडू कवठ हे सह्याद्रीचे झाड, पण प्रश्न धडगावलाही तितकाच लागू आहे. तोरणमाळपासून नर्मदाकाठापर्यंतच्या डोंगरांत वनस्पतींची माहिती पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आली आहे. जाणकार गेला की माहितीही जाते. त्यातले किती खरे गुणकारी, किती निरुपयोगी आणि किती घातक, हेही तपासल्याशिवाय कळत नाही.

नाव उघड केले तर दुसराच कोणी फायदा घेईल, ही भीती अगदीच खोटी नाही. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ही लढाई जिंकता आली ती जुने ग्रंथ आणि छापील संशोधन पुराव्यादाखल ठेवता आले म्हणून. ज्याची नोंद होती, तेच वाचले.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. गावातली झाडे, त्यांचे उपयोग आणि जाणकारांची माहिती त्यांच्या संमतीने त्यात नोंदवता येते. व्यापारासाठी ती माहिती किंवा वनस्पती वापरणाऱ्यांकडून लाभाचा वाटा मागण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

जुन्या विद्येवर आंधळा विश्वास न ठेवता आणि तिला हसण्यावारीही न नेता तिची परीक्षा घ्यावी, हे भाऊ दाजींनी करून दाखवले. परीक्षेचा निकाल सर्वांसमोर ठेवायचे काम मात्र त्यांच्याकडून राहून गेले. नाव सांगितल्याने कडू कवठाचा गुण कधीच गेला नाही. नाव न सांगितल्याने तो गुण पडताळण्याची संधी मात्र मुंबईने गमावली.